पॅनलचा कोन आणि गव्हाचं पाणी



पंधरा-वीस दिवस झाले, इथं काही लिहिलं नाही. गव्हाच्या पाण्यापायी डोकं ठिकाणावर नव्हतं. आता जरा निवांत झालोय, म्हणून सविस्तर लिहितो. लांबण लागेल, पण ज्यांच्याकडे सोलर पंप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्या घरात दहावीचं पोर आहे त्यांनी पण वाचा.

आमचं शिवार चाळीसगाव तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. विहिरीवर तीन एचपीचा सोलर पंप बसवून सहा-सात महिने झाले. मे महिन्यात बसवला तेव्हा पाणी असं धो धो आलं की बघायला शेजारचे लोक यायचे. नाना तर म्हणाले, "तुझं भाग्य उजळलं गड्या, आता रात्री मोटार चालू करायला उठायचं नाही." खरंच होतं ते. रात्रीच्या लाईटला, साप-विंचवाला कंटाळून गेलो होतो. लिंबूची झाडं उन्हाळ्यात हिरवीगार राहिली. पावसाळ्यात पंपाची गरज पडली नाही. दिवाळीनंतर सव्वा एकर गहू पेरला, २२ नोव्हेंबरला.

आणि इथून गडबड सुरू झाली.

पाणी कमी पडायला लागलं. उन्हाळ्यात पाटातून जी धार यायची ती राहिली नाही. सकाळी साडेनऊ-दहा वाजले तरी पंप पाणी उचलायचा नाही, आणि दुपारी साडेतीनलाच धार बारीक. दिवसाला जेमतेम नऊ वाफे भिजायचे. गहू पेरून १८ ते २१ दिवस झाले की मुकुटमुळं फुटतात, तेव्हाचं पाणी चुकवायचं नसतं हे तुम्हाला सांगायला नको. ते पाणी चुकलं की फुटवे कमी, फुटवे कमी की ओंब्या कमी, मग पुढं किती का खत टाका. माझे वरचे वाफे भिजले आणि खालचे तसेच कोरडे. दिवस मोजत बसलो होतो. वीस झाले, एकवीस झाले.

माणूस अशा वेळी काय करतो? जे दिसत नाही त्याला दोष देतो. मला वाटलं मोटारीत कचरा गेला. दोन माणसं लावून मोटार वर काढली, मेकॅनिक बोलावला. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "दादा, मोटार ठणठणीत आहे." साडेतीन हजार रुपये गेले. मग गावात बसल्यावर एकानं सांगितलं, विहिरीचे झरे आटले असतील, आडवे बोअर मारून घे. मला ते पटलं. बोअरवाल्याशी बोलणं पण झालं. पैसे कुठले द्यायचे, तर पोरीच्या अकरावीसाठी बाजूला ठेवलेले होते, त्यातले. ती यंदा दहावीला आहे. बायको काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवताना वाढताना भांडी जरा जास्तच वाजत होती.

आता लिहिताना माझी मलाच लाज वाटते, कारण विहिरीत पाणी होतं. संध्याकाळी वाकून बघितलं तर पाणी वरच्या टप्प्यालाच. पंप उपसतच नव्हता तर आटणार कुठून? उपसा कमी आहे आणि विहीर भरलेली आहे, म्हणजे दोष विहिरीचा नाही. एवढी साधी गोष्ट. पण डोक्यात एकदा आडवे बोअर बसले की डोळ्याला दिसतं ते पण दिसत नाही.

रविवार, १४ डिसेंबर. मी वाफ्यात, पोरगी पॅनलच्या सावलीत पुस्तक घेऊन बसली होती. त्रिकोणमितीचा धडा चालू होता. बसल्या बसल्या ती म्हणाली, "पप्पा, सूर्य तिकडे खाली आहे आणि आपले पॅनल वर आभाळाकडे बघताहेत. असं का?"

मी म्हटलं, "कंपनीच्या माणसानं बसवलेत, त्यांना कळत असेल ना."

"किती अंशात बसवलेत?"

आता हे मला काय माहीत. बसवणारा मुलगा "अँगल सेट केलाय काका, चिंता नको" एवढं म्हणून गेला होता. मी फोन लावला तर त्यानं पण तेच सांगितलं, अँगल बरोबर आहे. किती आहे विचारलं तर म्हणाला, बघावं लागेल.

पोरगी म्हणाली, "आपण काढू."

मंडळी, मी दहावीला भूमितीत गचकलेला माणूस. दुसऱ्यांदा बसलो नाही, सरळ औत धरलं. साईन-कॉस हे शब्द ऐकले की अजून पोटात गोळा येतो. पण पोरीसमोर तसं दाखवता येत नाही. म्हटलं, सांग काय करायचं.

तिनं मातीत काडीनं त्रिकोण काढला. एक आडवी रेघ, तिच्या टोकावर एक उभी रेघ, आणि दोन्हीची टोकं जोडणारी तिरपी रेघ. आडवी आणि उभी जिथं भेटतात तिथं काटकोन. तिरपी रेघ म्हणजे आपलं पॅनल, तिला कर्ण म्हणायचं. उभी रेघ म्हणजे पॅनलची वरची कड खालच्या कडेपेक्षा जितकी उंच आहे तेवढी उंची. आडवी रेघ म्हणजे पाया. खालच्या कोपऱ्यात पॅनल आणि पाया यांच्यामधला जो कोन, तोच आपल्याला काढायचा. त्या कोनाच्या समोर कोणती बाजू आहे? उभी. म्हणून ती संमुख बाजू. त्याला चिकटून कोणती? पाया. म्हणून ती लगतची बाजू.

"समोरची भागिले कर्ण म्हणजे साईन. लगतची भागिले कर्ण म्हणजे कॉस. समोरची भागिले लगतची म्हणजे टॅन," ती एका दमात बोलली. "तीनपैकी कोणत्या पण दोन बाजू मोजल्या की कोन सापडतो. ज्या दोन मोजता येतील त्यावरून ठरवायचं की साईन घ्यायचा, कॉस घ्यायचा की टॅन."

मला पंचवीस वर्षांपूर्वी कोणी असं पॅनल दाखवून सांगितलं असतं तर कदाचित मी गचकलो नसतो. जाऊ द्या.

टेप आणली. पॅनलची तिरपी लांबी खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत ३९० सेंटिमीटर भरली. हा झाला कर्ण. आता उंची. वरच्या कडेला ओळंबा सोडला, जमिनीपर्यंत २८३. खालच्या कडेला सोडला, २४४. वजा केले तर ३९. पोरीनं भागाकार केला. ३९ भागिले ३९०, बरोबर ०.१. कोन आला पावणेसहा अंश.

ती खूश झाली. मी मात्र जमिनीकडे बघत होतो. म्हटलं, "थांब. हे बरोबर नाही."

तिला वाटलं माझं भूमितीचं दुखणं बोलतंय. पण मंडळी, जमीन माझी आहे. खांबाच्या उत्तरेला खड्ड्यातून निघालेली माती तशीच पडलेली, आणि दक्षिणेला पाटाकडे उतार. आपण दोन्ही उंच्या जमिनीपासून मोजल्या, पण दोन्हीकडची जमीन एका पातळीत कुठाय? उत्तरेकडची जमीन वर आली आहे म्हणून वरच्या कडेची उंची कमी भरली. दक्षिणेकडची खाली गेली आहे म्हणून खालच्या कडेची जास्त भरली. वजाबाकी खोटी.

गवंडी लोक वापरतात तशी पारदर्शक नळी घरी होती. तिच्यात पाणी भरलं, एक टोक पोरीकडं, एक माझ्याकडं. नळीतलं पाणी दोन्हीकडं एकाच पातळीला उभं राहतं, ते कधी खोटं बोलत नाही. मोजलं तर दोन्हीकडच्या जमिनीत २२ सेंटिमीटरचा फरक निघाला. म्हणजे खरी उंची ३९ अधिक २२, ६१ सेंटिमीटर.

पोरगी गप्प झाली, मग वहीत लिहिलं तिनं: "उभी बाजू खरंच उभी आणि आडवी बाजू खरंच आडवी पाहिजे." पुस्तकात काटकोनाची ती छोटी चौकट आयती काढून दिलेली असते. शेतात ती चौकट आपणच ओळंबा आणि पाण्यानं तयार करायची असते. ती नसेल तर पुढचं सगळं गणित फुकट. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या विषयातलं अर्धं आपल्याला पण येतं.

आता ६१ भागिले ३९०. आलं ०.१५६. हा झाला साईन. पण आपल्याला साईन नको, कोन पाहिजे. म्हणजे उलटं जायचं. कोणत्या कोनाचा साईन ०.१५६ असतो? त्याला साईन इन्व्हर्स म्हणतात. बटणावर साईनच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं असतं. पोरगी म्हणाली, वर्गात कित्येक जण त्याचा अर्थ एक भागिले साईन असा घेतात, ते चूक. त्याचा अर्थ एवढाच, की गुणोत्तर दिलंय, कोन सांग.

पुस्तकातल्या कोष्टकात शून्य, ३०, ४५, ६० आणि ९० एवढेच कोन. आपला त्यात बसत नव्हता. मोबाईलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की ही बटणं दिसतात. तिनं दाबलं, उत्तर आलं ०.१५७. दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. म्हणजे पाव अंश पण नाही? पॅनल तर चांगलं तिरपं दिसतंय! मग तिच्या लक्षात आलं, कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. रेडियन हे कोन मोजायचं दुसरं माप आहे, एक रेडियन म्हणजे साधारण ५७.३ अंश. अंशावर आणलं आणि उत्तर आलं ९.

नऊ अंश.

खात्रीसाठी पाया पण मोजला, दोन ओळंब्यांमधलं अंतर पातळीत धरून. ३८५ सेंटिमीटर. ६१ भागिले ३८५ म्हणजे ०.१५८, टॅन इन्व्हर्स दाबलं, परत नऊ. दोन वाटांनी गेलो आणि एकाच गावाला पोचलो. तेव्हा कुठं माझा विश्वास बसला.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये कोन दाखवणारं ॲप असतं, एवढा खटाटोप कशाला? खरं आहे. नंतर पुतण्यानं ॲप लावून बघितलं, त्यानं पण नऊच दाखवलं. पण कोन किती आहे हे कळून अर्धंच काम होतं. किती पाहिजे आणि त्यासाठी वरची कड किती उचलायची, हे ॲप सांगत नाही.

मग किती पाहिजे? त्यासाठी सूर्य किती उंचीवर आहे ते काढायला लागलं. हे तर आणखी सोपं. एक सरळ काठी जमिनीवर १२० सेंटिमीटर उरेल अशी ओळंब्यात रोवली, सावली पडेल तिथली जागा पातळीत केली. दुपारी सर्वांत आखूड सावली पडते तेव्हा सूर्य त्या दिवसाच्या सगळ्यात वर असतो. आपल्याकडं ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि चाळीसगाव आहे पंचाहत्तरच्या जवळ, म्हणून सूर्य आपल्या डोक्याशी साधारण अर्धा तास उशिरा येतो. साडेबाराच्या सुमाराला सावली ११५ सेंटिमीटर भरली.

परत काटकोन त्रिकोण. काठी उभी बाजू, सावली पाया. सावलीच्या टोकाशी जो कोन तो सूर्याची उंची, पुस्तकात त्याला उन्नत कोन म्हणतात. समोरची १२०, लगतची ११५. टॅन आला १.०४, कोन ४६ अंश. म्हणजे भरदुपारी पण सूर्य क्षितिजापासून अर्ध्यावरच. हिवाळ्यात दक्षिणेकडं कललेला असतो हे आपण रोज बघतो, पण एवढा खाली असेल असं वाटलं नव्हतं.

ऊन पॅनलवर सरळ, म्हणजे काटकोनात पडायचं असेल तर पॅनल ९० वजा ४६, असं ४४ अंश तिरपं पाहिजे. आमचं होतं नऊ. फरक ३५ अंशांचा. आता कॉस कामाला येतो. ऊन जितक्या अंशांनी तिरपं पडतं, त्याच्या कॉसइतकं ते पॅनलला लागतं. कॉस ३५ म्हणजे ०.८२. शंभरातलं अठरा भाग थेट ऊन भरदुपारी वाया.

आणि मे महिन्यात धो धो का आलं ते पण उलगडलं. आपला तालुका साडेवीस अक्षांशाच्या आसपास. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायातच पडते. तेव्हा नऊ अंशाचं पॅनल जवळजवळ सूर्यासमोरच होतं. कॉस नऊ म्हणजे ०.९९, काहीच नुकसान नाही. बसवणाऱ्यानं उन्हाळ्यात बसवलं, उन्हाळ्यापुरतं बरोबरच बसवलं. सूर्य सरकला, पॅनल तिथंच राहिलं. आणि थंडी आली की ते बदलायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही.

कॉसची अजून एक गंमत पोरीनं दाखवली, ती आपल्या कामाची आहे. पाच अंश चुकलं तर कॉस ०.९९६. दहा चुकलं तर ०.९८५. वीस चुकलं तर ०.९४. पस्तीसला ०.८२. म्हणजे थोडं चुकलं तर काही बिघडत नाही, जास्त चुकलं की एकदम फटका बसतो. म्हणून अगदी ४४ वर आणायची गरज नव्हती. पॅनल जितकं उभं तितका त्याला वारा जास्त धरतो, आणि आपल्याकडं अवकाळी कधी येईल सांगता येत नाही. रब्बीचे चार महिने धरले तर अक्षांशात पंधरा मिळवायचे, असा एक ठोकताळा आहे. साडेवीस अधिक पंधरा, साधारण ३५. एवढं पुरे.

आता उलटं गणित. कोन माहीत आहे, उंची काढायची. साईन ३५ म्हणजे ०.५७४, गुणिले ३९०, आले २२४ सेंटिमीटर. आत्ता वरची कड खालच्यापेक्षा ६१ नं उंच आहे, ती २२४ नं उंच पाहिजे. एवढा फरक! माझ्या डोळ्याला "जरा तिरपं करू" असं वाटलं असतं आणि मी वीतभर उचलून मोकळा झालो असतो.

कंपनीच्या मुलाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ढाच्याला वर-खाली करायची भोकं आहेतच, करा, पण सकाळी ऊन लागायच्या आधी करा आणि कंट्रोलर बंद ठेवा. हे महत्त्वाचं आहे मंडळी. ऊन असेपर्यंत पॅनलमध्ये करंट असतोच, पंप बंद केला तरी. आणि हे एकट्यादुकट्याचं काम नाही. सोमवारी पहाटे आम्ही चार माणसं आणि नाना मुकादम म्हणून, असे पाच जण लागलो. बोल्ट ढिले केले, दोघांनी खालून दोरानं धरलं, दोघांनी ढकललं. जवळच्या भोकात बसवून बोल्ट आवळले.

पोरगी शाळेच्या ड्रेसवर टेप घेऊन हजर. ढाचा उभा झाला की कडा आत सरकतात, ओळंबा नव्या जागेवर पडतो, म्हणून पाण्याची नळी पुन्हा लावली. यावेळी तिनं न सांगता लावली. जमिनीतला फरक १८ निघाला. दोन्ही उंच्यांची वजाबाकी २००, अधिक १८, एकूण २१८. भागिले ३९०, साईन इन्व्हर्स, आले ३४ अंश. एक अंशानं कमी. ती म्हणाली, "पप्पा, चालतंय. दहा अंशाचाच फरक राहिला, कॉस ०.९८५." आणि सायकल काढून शाळेला गेली.

मी मात्र पंपापाशी बसून राहिलो. माणूस आहे, धाकधूक होतीच. रविवारी काही हलवायच्या आधी मी एक काम केलं होतं. पॅनलच्या काचा स्वच्छ पुसून घेतल्या होत्या आणि साडेबारा वाजता दोनशे लिटरचा ड्रम किती वेळात भरतो ते मोजलं होतं. ५५ सेकंद. काचा आधीच पुसल्या, कारण नाहीतर नंतर कळलं नसतं की फरक पुसण्यानं पडला की कोनानं. सोमवारी तेच ऊन, तीच वेळ, तोच ड्रम. ४३ सेकंद.

तीनदा मोजलं. ४३, ४४, ४३.

ताशी तेरा हजार लिटरचं सोळा हजार सातशेच्या आसपास झालं. ऊन वीस टक्क्यांच्या आत वाढलं आणि पाणी त्याहून जास्त वाढलं, हे कसं? पंपाची सुरुवातीची ताकद पाणी विहिरीतून वर आणण्यातच जाते, तेवढी उंची गाठल्यावर जे उरतं त्यावर धार पडते. म्हणून थोडी ताकद वाढली की धार जास्त वाढते. म्हणूनच आधी सकाळी दहापर्यंत पाणी चढायचं नाही, ते आता नऊच्या आत चढतं. दिवसाला नऊ वाफे भिजायचे तिथं बारा भिजले. बुधवारी संध्याकाळी शेवटचा वाफा भरला, पेरणीपासून पंचविसाव्या दिवशी. चार दिवस उशीर झालाच आहे, खालच्या वाफ्यांत फुटवे जरा कमी दिसतील, ते मी मान्य करून टाकलंय. पण गहू वाचला.

बोअरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो जरा नाराज झाला. पैसे परत बायकोच्या हातात दिले. तिनं मोजले नाहीत, डब्यात ठेवले.

ज्यांच्याकडं असला कॅल्क्युलेटर नाही त्यांच्यासाठी नानांची युक्ती. कागदावर तोच त्रिकोण लहान करून काढायचा. ३९० सेंटिमीटरचे ३९ घ्या, ६१ चे ६.१ घ्या, काटकोन नीट करा आणि पोराच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं कोन मोजा. त्रिकोण लहान झाला तरी कोन तोच राहतो. अख्खी त्रिकोणमिती या एका गोष्टीवर उभी आहे. कोन लहान असेल, दहा-बारा अंशांपर्यंत, तर उंची भागिले कर्ण करून ५७ नं गुणा, जवळपास उत्तर येतं. कोन मोठा असेल तर ही युक्ती चुकते. आमच्या ३४ ला हीच रीत ३२ सांगते.

बांधबंदिस्ती करताना "तीन टक्के उतार" म्हणतात तो पण टॅनच आहे. शंभर फूट आडवं गेलं की तीन फूट खाली. अंशात पावणेदोनच्या आसपास होतो. शंभर टक्के उतार म्हणजे उभी भिंत नव्हे, ४५ अंश. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या तालुक्यात पाटणादेवी आहे, तुमच्यापैकी कित्येक जण येऊन गेला असाल. पाटणच्या देवळात एक शिलालेख आहे, इसवी सन १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, असं त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिला, त्यात या साईनचं गणित आहे. त्याच्याही आधी ४९९ साली आर्यभटानं २४ ज्यांचं कोष्टक दिलं. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तोच शब्द अरबांकडं गेला, तिथून लॅटिनमध्ये जाताना त्याचा अर्थ बदलला आणि साईन होऊन परत आपल्या पोरांच्या पुस्तकात आला. ज्याची मी आयुष्यभर धास्ती घेतली तो पाहुणा मुळात आपल्याच घरातला निघाला. पाटणच्या जत्रेला मी दरवर्षी जातो. शिलालेख मात्र एकदाही नीट बघितला नव्हता. यंदा पोरीला घेऊन जाणार आहे.

फेब्रुवारी संपला की पॅनल परत खाली आणायचं, वीस अंशावर. कड किती सेंटिमीटर उतरवायची ते तिनं पंपाच्या पेटीच्या दाराआड खडूनं लिहून ठेवलंय. साईन २० गुणिले ३९०, उंची १३३. मे महिन्यासाठी अजून खाली. खडू पुसला जाईल म्हणून मी ते इथं पण लिहून ठेवतोय.

तुमच्याकडं सोलर पंप असेल आणि थंडीत पाणी कमी झालं असेल, तर मोटार काढायच्या आधी, विहिरीत पैसे घालायच्या आधी एकदा टेप आणि ओळंबा घ्या. वरची कड, खालची कड, मधली तिरपी लांबी मोजा. पातळी धरायला विसरू नका. काही अडलं तर आकडे लिहून पाठवा, पोरगी काढून देईल. रविवारी मात्र पाठवा, बाकी दिवस तिचा अभ्यास असतो.

राम राम.